चार रविवारांचा नेम

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान ते सुरू होते. त्या रविवारपासून नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे आगमनकाळ. तो कधी २८ दिवसांचा असतो, तर कधी २२ दिवसांत आटोपतो. २०२२ साली तो सगळ्यात मोठा होता आणि लगेच २०२३ साली सगळ्यात लहान. आपल्याकडे हे दिवस तुरीच्या शेंगा भरण्याचे आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढे माळेगावला खंडोबाच्या यात्रेची तयारी सुरू झालेली दिसते. ऊसतोडीच्या टोळ्या केव्हाच गाव सोडून गेलेल्या असतात.

नांदेड, लातूर, उदगीर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत या सुमाराला एक वाद निघतो. या चार आठवड्यांसाठी स्वतःपुरता काही नेम ठरवावा का? रोज पहाटे प्रार्थना, शास्त्रातला एक अध्याय, तंबाखू बंद, अबोला सोडणे, असे काहीतरी. एक पक्ष म्हणतो, नेमाशिवाय हा काळ फराळ आणि नव्या कपड्यांत वाहून जातो. दुसरा म्हणतो, येणारा प्रभू आहे, आपण नुसते दार उघडे ठेवायचे. त्यात आपल्या कर्तबगारीची यादी कशाला?

हा वाद दोन आवाजांत मांडला आहे. मावशी मेथडिस्ट घरात जन्मली आणि लग्नानंतर कॅथॉलिक घरात आली. वेगवेगळ्या गावांच्या प्रसूतिगृहांत परिचारिकेची नोकरी करून ती आता नांदेडला राहते. भाची लातूरला नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि रविवारी मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. दोघींना नावे दिलेली नाहीत. असे बोलणारी माणसे पुष्कळ घरांत आहेत, म्हणून नावे नकोतच.

भाची : मावशी, यंदा मी मुलांना कार्ड छापून देणार आहे. त्यावर पहिल्या डिसेंबरपासून चोवीस चौकोन. लूकच्या शुभवर्तमानात चोवीसच अध्याय आहेत. रोज एक वाचला की २४ तारखेला पुस्तक पुरं होतं. वाचला की खूण करायची.

मावशी : आणि नाही वाचला तर?

भाची : चौकोन रिकामा राहील. निदान कळेल तरी.

मावशी : कुणाला कळेल? लेकराला, का तुला?

भाची : दोघांनाही. त्यात वाईट काय? मी रोज बघते ना, अठरा वर्षांची पोरं भिंतीवर वेळापत्रक लावून कशी अभ्यास करतात. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून लातूर पॅटर्नचं नाव देशभर झालं ते कशावर? सराव परीक्षा, चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवणं, रोजचा हिशेब. डॉक्टर व्हायला एवढी शिस्त लागते, आणि देवाकडे जायचं म्हटलं की आपण म्हणतो, जमेल तसं बघू. हे मला पटत नाही.

मावशी : तुझ्या त्या पोरांपैकी कितीजणांना रात्री झोप लागते?

भाची : तो वेगळा विषय आहे.

मावशी : वेगळा कसा? रविवारी सकाळी चर्चला यायचं तर तुझ्या क्लासची टेस्ट असते. मग ते लेकरू धावतपळत संध्याकाळच्या प्रार्थनेला येतं. तिथं पण तू त्याच्या हातात कार्ड देणार. गुण मोजत नाही अशी एक तरी जागा राहू दे त्याला.

मावशीच्या या वाक्यापाशी थांबावेसे वाटते. लातूरला मुलांना पाठवणारे आईबाप शेती गहाण टाकून फी भरतात, हे मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. ज्या मुलाच्या प्रत्येक दिवसाला गुण पडतात, त्याच्या प्रार्थनेलाही गुण पाडणे हे क्रौर्य आहे, मग ते कितीही प्रेमाने केलेले असो. पण भाचीपाशीही सांगण्यासारखे आहे, आणि ती इतिहासाचा आधार घेते.

भाची : आगमनकाळ सुरूच झाला तो नेमातून. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या तूर शहरच्या बिशपांनी, पर्पेच्युअस यांनी, संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपास करायला सांगितला. तुझ्या त्या केरळच्या मैत्रिणी आठव. पहिल्या डिसेंबरपासून नाताळापर्यंत मांस-मासळीला हात लावत नसत. वॉर्डात रात्रपाळी असली तरी नाही. तूच सांगितलंस ना मला?

मावशी : सांगितलं. पंचवीस दिवसांचा उपास म्हणायच्या त्या. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला.

भाची : मग? आणि शेजारच्या काकू मार्गशीर्षात दर गुरुवारी घट मांडतात, कहाणी वाचतात, शेवटच्या गुरुवारी उद्यापन करतात. एक गुरुवार चुकवत नाहीत. आपल्यालाच तेवढं जड का जावं?

मावशी : काकूंचा नेम मला आवडतो. मी हळदीकुंकवाला जाते तिच्याकडं. पण एक फरक बघ. तिचं व्रत तिचं आहे. तिनं मांडलं, तिनं पाळलं, तिनंच उद्यापन केलं. नाताळ तसा नाही. तू तयार असलीस तरी पंचवीस तारीख येणार, नसलीस तरी येणार. बेथलेहेमात कुणाची तयारी होती? उतारशाळेत जागा नव्हती. मेंढपाळ रात्रपाळीवर होते. ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, त्यांनाच आधी निरोप मिळाला.

भाची : आणि मगी लोक? ते तर ताऱ्याचा अभ्यास करून, लांबचा प्रवास ठरवून आले.

मावशी : आले. पण उशिरा आले, आणि वाटेत हेरोदाकडं चौकशी करून घोटाळा करून ठेवला.

भाची : मावशी, ते पोचले, हे महत्त्वाचं.

मावशी : बरं, पोचले. जखऱ्याचं काय? नेमधर्माचा माणूस. मंदिरात धूप जाळायची पाळी त्याची. तिथंच देवदूतानं सांगितलं, तुला मुलगा होणार. त्याचा विश्वास बसला नाही, आणि मूल होईपर्यंत त्याची वाचा गेली. सगळा जन्म नेमात घालवला, आणि खरी गोष्ट समोर आली तेव्हा ती ओळखता आली नाही. मला ह्याचीच भीती वाटते. चौकोन भरताना माणूस मान वर करत नाही.

भाची : मग मरीयेचं बघ. निरोप मिळाल्यावर ती वाट बघत घरात बसली नाही. डोंगराळ मुलखात लगबगीनं अलीशिबेकडं गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. तिनं काहीतरी ठरवलंच ना?

यावर मावशी गप्प झाली असती असे मला वाटते. वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ आपण फार लवकर लावतो. मरीयेचे पहिले पाऊल दुसऱ्या बाईच्या बाळंतपणाकडे पडले, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आता भाचीने आपल्या मेथडिस्ट आजोळची आठवण काढणे साहजिक आहे. उदगीरपासून बीदर जवळ, आणि बीदरकडे मेथडिस्ट मिशनचे काम जुने. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला जॉन वेस्लीचे नाव घरातल्या वडीलधाऱ्याइतके ओळखीचे असते.

भाची : आजोबा सांगायचे. वेस्ली आणि त्यांचे सोबती ऑक्सफर्डला होते, तेव्हा बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायचे, स्वतःला ठरलेले प्रश्न विचारायचे, तुरुंगात कैद्यांना भेटायला जायचे. लोक नावं ठेवायचे, तरी त्यांनी सोडलं नाही. तुझ्या चर्चमध्ये तर इग्नेशियस लोयोला. एकच दोष धरायचा, दिवसातून दोनदा आठवून जितक्या वेळा चुकलं तितके ठिपके ओळीवर काढायचे, आणि आज कालच्यापेक्षा कमी झाले का ते बघायचं. हे माझ्या कार्डापेक्षा कडक आहे.

मावशी : वेस्लीचं पुढचं का नाही सांगत? एवढा नेम करून माणूस अमेरिकेत जॉर्जियाला गेला आणि खचून परत आला. आपला विश्वास तरी खरा आहे का, असं त्याला वाटायला लागलं. मग २४ मे १७३८ ला लंडनमध्ये ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेला गेला, तेही मनाविरुद्ध. तिथं कुणीतरी ल्यूथरचं लिखाण वाचत होतं. ते ऐकताना त्याच्या मनाला शांती मिळाली. ती त्यानं कमावली नव्हती. माझ्या वडलांनी हे मला शंभरदा सांगितलंय, मी काही चर्च बदलून विसरले नाही.

भाची : आणि त्या दिवसानंतर वेस्लीनं नेम सोडला का?

मावशी : नाही सोडला.

भाची : म्हणजे शांती मिळाल्यावरही शिस्त लागतेच.

मावशी : लागते. पण मिळाल्यावर. आभार मानायला. कमवायला नाही.

दोघीही इथे खरे बोलल्या. ‘कमवायला’ आणि ‘आभार मानायला’ ही वाटणी मावशी करते तितकी स्वच्छ माणसाच्या मनात होत नाही. एकाच पहाटेच्या प्रार्थनेत दोन्ही मिसळलेले असते. म्हणून नेम सोडून देणे हा उपाय नव्हे. तो कशासाठी चालला आहे, हे अधूनमधून कुणीतरी विचारायला हवे. घरात एखादी मावशी असणे त्यासाठी चांगले.

मराठी ख्रिस्ती इतिहासातही दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल साध्या मराठीत आणायचे ठरवले आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळून त्यांनी ते काम पुरे केले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली पूर्ण बायबल छापून बाहेर पडले. नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते, त्या बाईने. एकीने ठरवले आणि तडीस नेले. दुसऱ्याचे राहिले ते तिसऱ्या हाताने नेले. अपुऱ्या राहिलेल्या नेमालाही वारस मिळू शकतो, हे भाचीच्या कार्डावर कुठेतरी असायला हवे.

भाची : मावशी, मला एक सांग. तू आयुष्यभर बाळंतपणं केलीस. तिथं तू नुसती वाट बघत बसायचीस का? की तक्ता भरायचीस?

मावशी : पार्टोग्राफ. भरायचे की. चार सेंटिमीटरपासून नोंद सुरू. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, चार तासांनी तपासणी. कागदावर दोन तिरप्या रेषा असतात. पहिली सावध करणारी. तिच्यापुढं चार तासांवर दुसरी, ती ओलांडली की डॉक्टरांना काहीतरी करावंच लागतं.

भाची : म्हणजे वाट बघण्यालाही नोंद लागते.

मावशी : लागते. पण त्या नोंदीत माझा पराक्रम काय होता? मी त्या बाईला सेंटिमीटर वाढव म्हणून सांगत नव्हते. बाळ त्याच्या वेळेनं येतं. माझं काम जागं राहायचं. रात्री तीन वाजता डोळा लागला आणि ठोके ऐकायचे राहिले, तर ती चूक. बाळाला उशीर लागला ही चूक नाही. आणि अजून एक. पूर्वी तासाला एक सेंटिमीटर असा हिशेब असायचा. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं, सगळ्या बायकांना ही एकच अट लावू नका. २०२० ला नवा तक्ता काढला, त्यात त्या तिरप्या रेषा नाहीत. ठोके मोजणं मात्र तसंच ठेवलं.

भाची : मग मी कार्डातून तिरपी रेषा काढते आणि ठोके ठेवते.

मावशी : म्हणजे नेमकं काय करशील?

भाची : चोवीस अध्याय पुरे झाले का, हे नाही विचारणार. आज किती मिनिटं प्रार्थना केली, हेही नाही. रात्री एवढंच लिहायचं, की आज दिवसभरात देवाकडं लक्ष कधी गेलं आणि कधी गेलं नाही. एक ओळ. ज्याला लिहायचं नाही त्यानं लिहू नये. आणि कार्ड कुणी तपासणार नाही.

मावशी : हे चालेल. पण लहान लेकरांना एवढं कळणार नाही. त्यांच्यासाठी चर्चमध्ये गव्हाणी ठेवतात ना, तशी ठेव. कुणाला मदत केली, खरं बोललं, की एक काडी आणून टाकायची. नाताळाच्या रात्री बाळ त्या काड्यांवर ठेवायचं. कुणाची काडी कुठली, ते कुणाला कळत नाही. कमी टाकणाऱ्यालाही बाळ तेवढंच मऊ निजलेलं दिसतं.

आगमनकाळाचे चक्र, ज्यावर चार मेणबत्त्या लावतात, तेही मुळात मुलांसाठीच निघाले. हांबुर्गजवळ गरीब मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिन्‍रिक विखेर्न यांनी १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या, म्हणजे मुलांना नाताळ किती दिवसांवर आला ते दिसावे. मोजणे तिथेही होते. पण ते दिवसांचे मोजणे होते, मुलांचे नव्हे.

इथवर आल्यावर वाद मिटला असे वाटेल. पण खरा अवघड भाग पुढे आहे, कारण आतापर्यंत दोघी कार्ड हातात घेऊ शकणाऱ्या माणसांविषयीच बोलत होत्या.

मावशी : तुमच्या मंडळीतली किती घरं आत्ता कुलूपबंद आहेत?

भाची : आहेत काही. टोळीबरोबर गेलेत. कुणी साताऱ्याकडं, कुणी कर्नाटकात.

मावशी : त्यांचा आगमनकाळ कसा जातो सांगू? मुकादमाची उचल फेडायची असते. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडावर जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. राहायला कोपी. लेकरं बरोबर. रविवार कुठला आणि मेणबत्ती कुठली? तुझ्या कार्डावर त्यांचा रकाना आहे का?

भाची : नाही.

मावशी : आणि त्यांच्या घरी म्हातारी माणसं राहिलेली असतात. पाठीमागं एकटी. त्यांचं काय?

भाची : मावशी, ह्यालाच मी ध्येय म्हणते. मंडळीनं ठरवावं, की नाताळापर्यंत दर रविवारी उपासनेनंतर दोघंजण त्या म्हाताऱ्यांच्या घरी जातील. फडावरच्या माणसाला फोन लावून आईशी बोलायला देतील. औषध संपलं का बघतील. हे न ठरवता होत नाही. मनात दया पुष्कळांच्या असते. वार आणि वेळ ठरली की ती दारापर्यंत जाते.

मावशी : हे बरोबर बोललीस.

भाची : मग आता ऐक. लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान आहे. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? हे शास्त्रपाठ आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी वाचतात, तीन वर्षांच्या चक्रात एकदा. २०२४ ला वाचले होते. योहान त्यांना काय सांगतो? दोन अंगरखे असतील त्यानं ज्याला नाही त्याला एक द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदारांना सांगतो, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला दरडावून किंवा खोटा आळ घेऊन लुबाडू नका, पगारावर समाधान माना. आगमनकाळातला सगळ्यात मोठा संदेष्टा ध्येयंच तर देतोय! तीही प्रत्येकाच्या धंद्याप्रमाणं वेगवेगळी.

मावशी : देतोय. आता त्या यादीत काय नाही ते बघ. पहाटेची प्रार्थना नाही. उपास नाही. अध्याय नाही. योहान स्वतः रानात टोळ आणि मध खाऊन राहिलेला माणूस, पण लोकांना तो माझ्यासारखे राहा म्हणत नाही. दुसऱ्याचा अंगरखा, दुसऱ्याचे पैसे, दुसऱ्यावरचा आळ, एवढंच सांगतो.

या दोन उत्तरांपाशी मला हा वाद संपलेला दिसतो, आणि दोघींचे अर्धे अर्धे खरे असे म्हणून मोकळे व्हावे असे वाटत नाही. माझे मत असे: आगमनकाळात नेम ठरवावा, नक्की ठरवावा. पण आपण सहसा जे ठरवतो ते योहानाच्या यादीशी ताडून पाहिले, तर बहुतेक गोष्टी आपल्याच आत्म्याच्या डागडुजीच्या निघतात. माझी प्रार्थना, माझे वाचन, माझा राग, माझा मोबाइल. त्या वाईट नाहीत. पण त्यांतून दुसऱ्याच्या हातात काही पडत नाही. योहानाने जकातदाराला जकातीच्या नाक्यावरच गाठले. आपला नेमही आपल्या नाक्यावर असायला हवा, जिथे आपली सत्ता चालते आणि जिथे आपल्याला कुणी विचारणारे नसते.

भाची : मग माझा नाका कुठला? क्लास. फी थकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं नाही. आणि खालच्या बॅचमध्ये टाकलेल्या मुलांना मी स्वतः शिकवायचं. सगळ्यात नवखा मास्तर तिकडं पाठवतात, ते मी बदलून घेऊ शकते.

मावशी : बायका बाळंत झाल्या की काही ठिकाणी नातेवाइकांकडं पेढ्याचे पैसे मागतात. मुलगा झाला तर हक्कानं मागतात, मुलगी झाली तर तोंड पाडतात. हे जकातदाराचंच काम आहे. मी आता नोकरीत नाही, पण माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत. त्यांना पहिल्या रविवारी फोन करून हेच सांगेन. शिकलेल्या आहेत, ऐकतील.

भाची : दुकानदारानं मापात मारू नये.

मावशी : मुकादमानं हिशेब लिहून दाखवावा. आपल्या माणसांत मुकादमही आहेत, विसरू नकोस.

भाची : आणि मामांचा बांध?

हा प्रश्न भाचीने सहज विचारलेला नाही. शेताच्या बांधावरून दोन भावांत पडलेला अबोला, हे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचे दुखणे आहे. ख्रिस्ती घरेही त्यातून सुटलेली नाहीत. नाताळाला दोघे एकाच चर्चमध्ये येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि एकाच प्रभुभोजनात भाग घेतात.

मावशी : ते ठरवून होत नाही. धाकट्यानं दार लावून घेतलं तर?

भाची : दार उघडणं मामांच्या हातात नाही. दारापर्यंत जाणं आहे. तेवढंच ठरवायचं.

मावशी : आणि गेल्यावर बांधाचं बोलायचं?

भाची : नाही. शेवेचा लाडू द्यायचा, वहिनीची तब्येत विचारायची आणि यायचं. बांध जानेवारीत.

मावशी : बरं. मी सांगते त्याला. पण तारीख तू नको घालू. मी माझ्या भावाला ओळखते.

भाची : मावशी, तारीख नसली की ते पुढच्या नाताळावर जातं. गेल्या किती नाताळांवर गेलंय?

मावशी : ...तिसऱ्या रविवारपर्यंत, असं सांगते.

किल्लारीच्या भूकंपाचे वर्षही इथे आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. दोन महिन्यांनी आगमनकाळ आला तेव्हा त्या भागातली माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्या डिसेंबरच्या थंडीत योहानाचे दोन अंगरख्यांचे वाक्य समजावून सांगायला प्रवचनाची गरज नव्हती. ज्याच्यापाशी दोन पांघरुणे होती त्याने काय करायचे, ते शेजारच्या शेडकडे पाहून कळत होते. शेजारचे शेड आता इतके उघड दिसत नाही, म्हणून ठरवावे लागते.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे १९७७ साली स्थापन झालेल्या कॅथॉलिकांच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. शिवाय प्रॉटेस्टंट मंडळ्या वेगवेगळ्या आहेत, त्यांचे पाळक वेगळे, गाण्यांची पुस्तके वेगळी. पण तिसऱ्या रविवारी योहानाचे वचन वाचण्याची रीत पुष्कळ ठिकाणी एकच आहे. म्हणून फादरना आणि पाळकसाहेबांना एक विनंती. आगमनकाळाची कार्डे छापणार असाल, तर अध्यायांचे चौकोन खुशाल छापा, पण मागच्या बाजूला योहानाला विचारलेला तो प्रश्न घाला आणि उत्तराची जागा कोरी सोडा, म्हणजे प्रत्येकजण आपल्या धंद्यातले उत्तर लिहील. कार्ड परत गोळा करू नका. आणि पहिल्या रविवारी, मेणबत्ती लावण्याआधी, मंडळीतल्या कुलूपबंद घरांची यादी वाचून दाखवा. प्रत्येक घराच्या नावापुढे तिथल्या म्हाताऱ्या माणसाकडे कोण जाणार, ते त्याच वेळी ठरवून मगच उपासना सुरू करा.